कार्ड अधिभार (ऑस्ट्रेलिया)

कार्ड अधिभार म्हणजे ग्राहकाने कार्डाने पैसे दिल्यास व्यापाऱ्याने किमतीवर आकारलेली जादा रक्कम. कार्डव्यवहारासाठी व्यापाऱ्याला बँकेस जे शुल्क द्यावे लागते, त्याची भरपाई हा तिचा मूळ हेतू होय. ऑस्ट्रेलियात जानेवारी २००३ पासून असा अधिभार लावण्याची मुभा मिळाली. पुढे अनेकांनी तिचे कमाईचे साधन केले. विमान कंपन्या तिकिटाची किंमत न पाहता ठरावीक रक्कम घेत. ७० डॉलरच्या तिकिटावर ७ डॉलर घेतल्यास अधिभार १० टक्के होतो. क्रेडिट कार्डाचा प्रत्यक्ष खर्च मात्र साधारणतः एक ते दीड टक्काच असतो. २०१६ च्या कायद्याने खर्चापेक्षा अधिक अधिभारास बंदी घातली. ती मोठ्या व्यवसायांना १ सप्टेंबर २०१६ पासून व इतरांना वर्षभराने लागू झाली. अंमलबजावणी ऑस्ट्रेलियन स्पर्धा व ग्राहक आयोगाकडे सोपवण्यात आली. अधिभार टाळण्याचा कोणताच मार्ग ग्राहकाला नसेल, तर तो जाहीर किमतीतच धरावा लागतो.