सदाफुलीची पाने आणि स्वस्त गोळी

मागच्या महिन्यात भुकूमहून एक आजी साखर दाखवायला आल्या. साखर चांगलीच वाढलेली. गोळ्या घेता का, असे विचारले तर म्हणाल्या, "घेते कधीमधी. पर रोज सकाळी दारातल्या सदाफुलीची चार पानं चावते. आन् खरं सांगू का डॉक्टर, तुमची गोळी लई स्वस्त हाय. येवढ्या स्वस्त गोळीनं काय गुण येणार?"

पानांचे आधी सांगतो, कारण ते तातडीचे आहे. सदाफुलीची पाने चावू नका. त्यांत पेशींची वाढ थांबवणारी द्रव्ये आहेत, आणि साखर उतरवण्याचा तो भरवशाचा उपाय नाही. झाड दारात असू द्या, फुले देवाला वाहा.

गंमत अशी, की हीच समजूत जमैकातही होती. तिथल्या लोकांकडून या पानांची पुडी कॅनडातल्या एका निवृत्त डॉक्टरांकडे आली, त्यांनी ती आपला भाऊ रॉबर्ट नोबल याला दिली. नोबल वेस्टर्न ओंटारिओ विद्यापीठात संशोधन करत. हे १९५० च्या दशकाच्या सुरुवातीचे. त्यांनी उंदरांवर पानांचा अर्क वापरून पाहिला. साखर ढिम्म हलली नाही. पण अर्क टोचलेले उंदीर जंतुसंसर्गाने मरू लागले, कारण त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटल्या होत्या. दुसऱ्या कोणी 'प्रयोग फसला' म्हणून वही मिटली असती. नोबल यांनी प्रश्न उलटा केला: पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात तो रक्ताचा कर्करोग, मग त्यावर हे चालेल का? चार्ल्स बिअर या रसायनतज्ज्ञाबरोबर काम करून १९५८ पर्यंत त्यांनी व्हिनब्लास्टिन वेगळे केले. त्याचे भावंड व्हिन्क्रिस्टिन आजही लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावरचे एक मुख्य औषध आहे.

औषध सापडले, पण ते आपल्या मुलांना परवडायला हवे. शेकडो किलो वाळलेल्या पानांतून ही द्रव्ये जेमतेम ग्रॅमच्या हिशेबात निघतात. आणि इथे गोष्ट आपल्या वाटेवर येते. मुळशीहून पुण्याला जाताना चांदणी चौकातून डावीकडे वळलात की पाषाण लागते. तिथल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे, आपण सगळे 'एनसीएल' म्हणतो तिचे, फाटक तुम्ही शंभरदा पाहिले असेल. तिथे डॉ. ए. व्ही. रामा राव यांच्यासारख्या रसायनतज्ज्ञांनी ही द्रव्ये काढण्याची पद्धत बसवली, आणि १९८४ च्या सुमारास सिप्ला कंपनीबरोबर ती कारखान्यात उतरली. झाड आपल्या परसातले, पद्धत आपल्या करातून चालणाऱ्या प्रयोगशाळेतली.

ही प्रयोगशाळा उभी राहिली तो काळ आठवून पाहा. पायाभरणी एप्रिल १९४७ मधली, स्वातंत्र्याच्याही आधीची. उद्घाटन ३ जानेवारी १९५० रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते. टाटांच्या न्यासानेही देणगी दिली होती, पण रोजचा खर्च सरकारचा. धान्य रेशनवर मिळत होते आणि पेनिसिलिन बाहेरून येत होते, तेव्हा हा खर्च अनेकांना चैन वाटला असणार. मी त्या वेळी असतो तर बहुधा मलाही वाटला असता.

पण नुसती इमारत बांधून भागत नाही, माणसे लागतात. ती मुंबई विद्यापीठाने घडवली. विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग, जुन्या लोकांच्या तोंडी 'यूडीसीटी', १९३३ मध्ये सुरू झाला आणि पुढे माटुंग्यात वाढला. तिथले प्रमुख प्रा. के. वेंकटरामन १९५७ मध्ये पाषाणला आले आणि एनसीएलचे पहिले भारतीय संचालक झाले. याच वाटेने आंध्रातल्या एका हळद पिकवणाऱ्या शेतकऱ्याचा मुलगा आला. माटुंग्याला औषधांचे रसायनशास्त्र शिकला, १९६९ मध्ये पाषाणला पीएच.डी. केली, मग सरकारी औषध कंपनीत काही वर्षे काढली. १९८४ मध्ये त्याने स्वतःची कंपनी काढली. तो कल्लम अंजी रेड्डी. 'डॉ. रेड्डीज' हे नाव तुमच्या एखाद्या पाकिटावर आत्ताही असेल. त्याच्या शिक्षणावर सरकारचा किती खर्च झाला आणि त्या कंपनीने पुढे किती कर भरला, किती घरे चालवली, हा हिशेब कोणी मांडून ठेवल्याचे मी तरी पाहिलेले नाही.

इथे कायद्याचा वाटा विसरून चालणार नाही. १९७० च्या पेटंट कायद्याने, जो १९७२ पासून लागू झाला, औषधाच्या रेणूवरचे पेटंट काढून टाकले. पेटंट फक्त बनवण्याच्या पद्धतीवर, तेही थोड्या वर्षांसाठी. म्हणजे तोच रेणू दुसऱ्या वाटेने बनवता आला, तर विकायची मुभा. दुसरी वाट शोधायला रसायनतज्ज्ञ लागतात, आणि ते तोवर तयार होते. २००५ पासून हा नियम पुन्हा बदलला.

आता जो भाग सांगायला मला जड जातो तो. १९९० च्या दशकात मी निवासी डॉक्टर होतो. वॉर्डात एड्सचे रुग्ण येत. तिशीतला एक ड्रायव्हर, वजन पस्तीस किलो, बायको उशाशी. आम्ही जुलाब थांबवायचो, क्षयाची औषधे द्यायचो. मूळ रोगावरचे औषध जगात होते, त्याच्या ऐपतीत नव्हते. बायकोने किंमत विचारली तेव्हा मी आकडा न सांगता विषय बदलला. तो तीन आठवड्यांनी गेला.

रामा राव तोवर हैदराबादच्या सरकारी प्रयोगशाळेचे संचालक झाले होते. तिथे त्यांनी झिडोव्हुडिन या एड्सवरच्या औषधाची पद्धत बसवली आणि १९९३ मध्ये सिप्लाने ते परदेशी किमतीच्या कितीतरी खाली बाजारात आणले. तरी ते खपले नाही. सरकारकडे ते विकत घेऊन वाटायला पैसे नव्हते, असे सिप्लाचे डॉ. युसूफ हमीद यांनी नंतर सांगितले आहे. संशोधनाला पैसा दिला आणि दवाखान्याला दिला नाही, तर काय होते ते मी त्या वॉर्डात पाहिले. २००१ मध्ये सिप्लाने तीन औषधांचा वर्षाचा डोस ३५० डॉलरला देऊ केला. बड्या कंपन्यांचा भाव तेव्हा १०,००० डॉलरच्या वर होता. १ एप्रिल २००४ पासून आपल्या सरकारने ही औषधे मोफत द्यायला सुरुवात केली.

२०२३-२४ मध्ये भारताने सुमारे २,८०० कोटी डॉलरची औषधे निर्यात केली. त्याच देशाचा संशोधनावरचा एकूण खर्च, सरकारी आणि खासगी धरून, २०२०-२१ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के होता. आणि औषधांचा कच्चा माल मोठ्या प्रमाणात चीनहून येतो. पिंपरीच्या सरकारी कारखान्यात १९५५ पासून पेनिसिलिन तयार होत होते, ते नंतर बंद पडले. माझ्या मते यात नवल नाही.

आजींना मी एवढे सगळे सांगितले नाही. एवढेच म्हणालो, की गोळी स्वस्त आहे कारण ती शोधायचे आणि बनवायला शिकायचे पैसे आधीच कोणीतरी भरून ठेवलेत. त्यात तुमचेही आहेत. औषध त्यात कमी घातलेले नसते. फक्त दुकानातून पावती घ्या आणि पाकिटावरची मुदत नातवाकडून वाचून घ्या.

परवा त्या पुन्हा आल्या होत्या. उपाशीपोटीची साखर २१० वरून १४२ वर आली आहे. पानांचे विचारले तर हसल्या आणि म्हणाल्या, "एकच खाते आता."