अवकाशातील विद्यार्थी-प्रयोग : 'गेटअवे स्पेशल' योजनेचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
अवकाश संशोधनाचा इतिहास प्रामुख्याने राष्ट्रे, अंतराळवीर व मोठ्या संशोधन संस्था यांच्याभोवती लिहिला गेला आहे. विद्यापीठीय विद्यार्थ्यांनी स्वतः आखलेल्या प्रयोगांची दखल त्यात क्वचितच घेतली जाते. प्रस्तुत लेखात अमेरिकेतील 'गेटअवे स्पेशल' योजनेच्या आधारे अशा प्रयोगांचे स्वरूप व त्यांच्यापुढील मुख्य अडचण यांचा विचार केला आहे.

योजनेचे स्वरूप :
स्पेस शटलच्या मालकक्षात शिल्लक राहणारी जागा अल्प शुल्क घेऊन प्रयोगांसाठी देण्याची योजना नासाने १९७६ मध्ये जाहीर केली. सर्वांत मोठ्या डब्यात ५ घनफूट जागा मिळे. वजनाची मर्यादा २०० पौंड, तर शुल्क १०,००० डॉलर होते. लहान प्रयोगासाठी ३,००० डॉलर पुरत. मात्र वीजपुरवठा, तापनियंत्रण व नोंदी यांची सोय प्रयोगकर्त्यांनीच डब्यात करावयाची होती. अंतराळवीरांचे काम काही कळा दाबण्यापुरतेच मर्यादित होते. त्यामुळे प्रयोगाची प्रत्येक पायरी विद्यार्थ्यांना आधीच निश्चित करावी लागे.

पहिले उड्डाण :
गिल्बर्ट मूर यांनी पहिली जागा विकत घेऊन ती यूटा स्टेट विद्यापीठास दिली. विद्यार्थ्यांचे नऊ प्रयोग २७ जून १९८२ रोजी कोलंबिया यानातून अवकाशात गेले. फळमाशी व आर्टेमिया या जीवांची वाढ, जलवनस्पतीच्या मुळांची वाढ, द्रवाचा पृष्ठताण, मिश्रधातूची निर्मिती, धातूंचे डाखकाम असे विषय त्यांत होते. पृथ्वीवर गुरुत्वाकर्षणामुळे मुळास 'खालची' दिशा मिळते व जड घटक तळाशी बसतात. हा प्रभाव जवळजवळ नाहीसा झाल्यास काय घडते, हा त्यांपैकी अनेक प्रयोगांमागील समान प्रश्न होता. उड्डाणात डबा कार्यान्वित करणाऱ्या विद्युत्मंडलात बिघाड आढळला. अंतराळवीरांनी तो दूर केल्यावरच प्रयोग सुरू झाले.

काळाची अडचण :
घोषणा व उड्डाण यांत सुमारे सहा वर्षे गेली. पदवीचा अभ्यासक्रम मात्र चार वर्षांचा असतो. परिणामी, एका तुकडीने आखलेला प्रयोग पुढील तुकडीने पूर्ण करावा, हे अपरिहार्य ठरते. महाराष्ट्रातील अनुभवही याहून वेगळा नाही. आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांनी आयनोस्फिअरमधील इलेक्ट्रॉनांचे मापन करण्यासाठी 'प्रथम' उपग्रहाचे काम २००७ मध्ये आरंभिले. उपग्रह कक्षेत गेला २६ सप्टेंबर २०१६ रोजी. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा सुमारे एक किलो वजनाचा 'स्वयम्' त्याच वर्षी २२ जून रोजी प्रक्षेपित झाला. आरंभ करणारे व प्रक्षेपण पाहणारे विद्यार्थी निराळे होते. अशा वेळी लेखी नोंदी, मार्गदर्शक अध्यापक व कनिष्ठांचे प्रशिक्षण यांवरच प्रकल्प तग धरतो.

समारोप :
२००३ मधील कोलंबिया दुर्घटनेनंतर 'गेटअवे स्पेशल' योजना संपुष्टात आली. तथापि यूटा स्टेटमधील विद्यार्थीगट त्याच नावाने टिकून राहिला व २०२२ मध्ये त्याचा लघुउपग्रह कक्षेत सोडण्यात आला. योजना बंद पडूनही परंपरा टिकली, ही बाब महाविद्यालयांच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. अवकाशात जाण्याची संधी बाहेरून मिळू शकते. परंतु एका तुकडीचे ज्ञान दुसऱ्या तुकडीकडे सोपविण्याची व्यवस्था महाविद्यालयालाच उभी करावी लागते. तिच्या अभावी चांगली कल्पनाही पदवीदान समारंभाबरोबर संपते, हेच या इतिहासावरून स्पष्ट होते.