एका अळीचे हरवलेले दहा महिने

शाळेच्या पुस्तकातलं ते चित्र तुम्हाला माहीत असेलच. एक गोल, त्यावर चार बाण: अंडं, अळी, कोष, फुलपाखरू आणि पुन्हा अंडं. परीक्षेत हमखास येतं, 'आकृती काढून भागांना नावे द्या'. चित्र बरोबरच आहे. पण मी विज्ञानाच्या इतिहासावर पीएच.डी. करते, त्यामुळे मला त्या चित्रातल्या बाणांबद्दल जास्त कुतूहल वाटतं. हे बाण काढले कोणी? अळीचा कोष होताना कोणी पाहिलं, आणि ते दिसलंच नाही तर काय झालं? अशाच एका न दिसलेल्या बाणाची ही गोष्ट आहे. माझ्या वाचकांत जे आठवी-नववीतले आहेत त्यांच्यासाठी मुद्दाम लिहिते आहे, मोठ्यांनी वाचायला अर्थातच हरकत नाही.

इंग्लंडमध्ये 'लार्ज ब्लू' नावाचं एक निळं फुलपाखरू आहे. नावात लार्ज असलं तरी पंख पसरून जेमतेम दीड-दोन इंच. कार्ल लिनियसने १७५८ मध्ये त्याला शास्त्रीय नाव दिलं, आणि विल्यम लेविनच्या १७९५ च्या पुस्तकात ते ब्रिटनचं फुलपाखरू म्हणून आलं. दिसायला सुंदर आणि मिळायला अवघड, म्हणजे संग्राहकांच्या जाळ्या त्याच्यामागे लागणारच. टाचण्या टोचलेली लार्ज ब्लू पेट्यांमधून जमा होत गेली. मात्र ते फुलपाखरू मोठं कसं होतं हे त्यांच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हतं.

सुरुवात माहीत होती. मादी रानटी थाइमच्या कळ्यांवर अंडी घालते. (थाइम म्हणजे जमिनीलगत पसरणारं, बारीक जांभळ्या फुलांचं झुडूप. वास आपल्या ओव्याच्या बराच जवळ जातो.) अळी बाहेर पडते आणि फुलं खाते. एकाच फुलात दोन अळ्या असतील तर एक दुसरीला खाऊन टाकते, हेही लोकांनी पाहिलं होतं. अळी दोन-तीन आठवडे फुलं खाते, शेवटची कात टाकते आणि एका संध्याकाळी झाडावरून खाली पडते. त्यापुढे ती गायब! एकदम पुढच्या वर्षी जूनमध्ये फुलपाखरूच दिसतं. मधले दहा महिने कुठे गेले?

फ्रेडरिक फ्रोहॉक या चित्रकार-अभ्यासकाने ब्रिटनमधल्या फुलपाखरांच्या सगळ्या अवस्था स्वतः वाढवून, पाहून चित्रात उतरवायचं ठरवलं होतं. लार्ज ब्लूपाशी तो अडला. शेवटची कात टाकली की अळ्या थाइमला तोंडच लावेनात. दुसरं काहीही दिलं तरी खाईनात आणि मरून जात. अनेक वर्षं हेच चाललं. तोपर्यंत अळीच्या पाठीवर एक ग्रंथी असते, तिच्यातून गोड थेंब येतो आणि मुंग्या तो चाटतात, एवढं कळलं होतं. यात तसं नवल काही नाही. याच कुळातली छोटी निळी फुलपाखरं आपल्याकडेही आहेत. बोरीच्या पानांवर हिरव्या चपट्या अळीभोवती मुंग्यांची लगबग दिसली, तर तोच व्यवहार चाललेला असतो: अळी गोड रस देते, मुंग्या तिची राखण करतात. त्यामुळे लार्ज ब्लूच्या बाबतीतही सगळ्यांना हा असाच साधा शेजारधर्म वाटला.

१९१५ मध्ये डॉ. थॉमस चॅपमन यांनी थाइमचं एक रोप उपटलं. खाली मुंग्यांचं घर निघालं आणि त्यात लार्ज ब्लूची एक अळी. तिला नकळत इजा झाली, म्हणून त्यांनी तिचं पोट तपासलं. आत मुंग्यांच्या पिल्लांचे अवशेष होते! ही अळी मुंग्यांच्या घरात राहून त्यांचीच पिल्लं खात होती.

मग कॅप्टन प्युरफॉय आणि फ्रोहॉक यांनी एक भन्नाट युक्ती केली. अक्रोडाच्या अर्ध्या कवट्यांत मुंग्यांची घरं वसवली आणि त्यांत अळ्या सोडल्या. एकेक टप्पा उलगडत गेला. खाली पडलेली अळी मुंगीची वाट पाहते. लाल मुंगी येते, गोड थेंब चाटते. मग अळी अंग फुगवून पाठीला असा बाक देते की मुंगीला ती आपलंच हरवलेलं पिल्लू वाटते. मुंगी तिला तोंडात धरून घरी नेते. आत गेल्यावर ही पाहुणी शाकाहार सोडते. तिच्या अंतिम वजनातलं जवळजवळ ९८ टक्के वजन मुंग्यांची पिल्लं खाऊनच येतं. तिथेच ती हिवाळा काढते, तिथेच कोष करते.

आता बाण पूर्ण झाला असं सगळ्यांना वाटलं. माझ्या दृष्टीने गोष्टीतला खरा घात इथे आहे, कारण 'लाल मुंगी' या एका नावाखाली चार-पाच जाती होत्या. त्यातली नेमकी कोणती, हे विचारायचं राहून गेलं.

फुलपाखरं कमी होत होती. दोष संग्राहकांवर गेला आणि तो पटण्यासारखाही होता. एका ठिकाणी त्यांना अडवायला कुंपण घातलं. माणसं थांबली, पण चरणारी जनावरंही बाहेर राहिली. गवत वाढलं आणि आतली फुलपाखरं संपली. त्यानंतर १९५२ मध्ये फ्रान्समधल्या एका डॉक्टरने, पॉल आर्माँ-देलील याने, आपल्या जमिनीवरच्या सशांचा त्रास मिटवायला मिक्सोमॅटोसिसचे विषाणू सोडले. पुढच्याच वर्षी रोग ब्रिटनमध्ये पोचला आणि तिथले बहुतेक ससे मेले. टेकड्यांवरचं गवत खुरटं ठेवणारे तेच होते.

सशांचा फुलपाखराशी काय संबंध? याचं उत्तर जेरेमी थॉमस यांनी १९७० च्या दशकात शोधलं. शेवटच्या वसाहतीजवळ त्यांनी अनेक उन्हाळे काढले, अळ्या मोजल्या, मुंग्यांची घरं तपासली. अळीला उचलून नेतात बऱ्याच जातींच्या लाल मुंग्या, पण ती नीट जगते ती प्रामुख्याने एकाच जातीच्या घरात, मिर्मिका सॅब्युलेटी. या मुंगीला उबदार जमीन लागते, आणि इंग्लंडच्या हवेत जमीन तापायची तर गवत अगदी आखूड, दोन-चार सेंटिमीटरचं हवं. गवत वाढलं की सावली पडते, माती दोन-तीन अंशांनी गार होते आणि दुसऱ्या जातीच्या मुंग्या जागा घेतात. थाइम असतं, मुंग्याही असतात, तरी फुलपाखरू संपतं. वरून पाहणाऱ्याला काहीच बदललेलं दिसत नाही.

उत्तर मिळेपर्यंत मूठभर फुलपाखरं उरली होती. त्यात १९७६ चा दुष्काळी उन्हाळा आला. १९७९ मध्ये लार्ज ब्लू ब्रिटनमधून नाहीसं झाल्याचं जाहीर झालं.

यावर काही जण म्हणतात की जीवनचक्र उशिरा कळलं म्हणून फुलपाखरू गेलं. मला ते अर्धंच खरं वाटतं. १९१५ नंतर साठेक वर्षं लोकांना उत्तर सापडल्यासारखं वाटत होतं, म्हणून कोणी पुढचा प्रश्नच विचारला नाही.

पण ब्रिटनच्या बाहेर हे फुलपाखरू होतं. गुरं आणि घोडे पुन्हा चरायला सोडले, गवत आखूड झालं, ती मुंगी परतली, आणि १९८३ मध्ये स्वीडनच्या ओलांड बेटावरून आणलेल्या लार्ज ब्लू तिथे सोडण्यात आल्या. त्या टिकल्या. पुढे सॉमरसेटमधल्या टेकड्यांवरही त्या वसवल्या. त्यातल्या कॉलर्ड हिलवर आता कोणीही जाऊ शकतं. जूनच्या मध्यापासून तिथे सकाळी गवताच्या काडीवर चढून पंख वाळवणारं एखादं लार्ज ब्लू दिसतं. मुंगीने त्याला उचलून आत नेलं, त्याला तेव्हा दहा महिने झालेले असतात.