थंडीत उघड्यावर झोपलेल्याला मदत कशी करावी? : थोडा इतिहास, थोडे वैद्यकशास्त्र

डिसेंबर-जानेवारीत आपल्या हिंगोली जिल्ह्यात रात्रीचा पारा कधी कधी दहा अंशांच्या खाली उतरतो. बसस्थानकाचा ओटा, रेल्वे स्टेशनचा परिसर, मंदिराच्या पायऱ्या, कुठेतरी एखादा माणूस पोते पांघरून झोपलेला दिसतो. याला पैसे द्यावेत, ब्लँकेट द्यावे, की पोलिसांना कळवावे? हा प्रश्न जुनाच आहे. महाराष्ट्राने वेळोवेळी त्याची वेगवेगळी उत्तरे दिली आहेत.

गाडगेबाबांचे उत्तर

संत गाडगेबाबांच्या (१८७६-१९५६) नावाने ओळखल्या जाणाऱ्या दशसूत्रीत उघड्याला वस्त्र, बेघराला आसरा आणि रोग्याला औषध ही तिन्ही कामे सांगितली आहेत. त्यांनी लोकवर्गणीतून पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू अशा ठिकाणी धर्मशाळा बांधल्या. अस्पृश्य मानल्या गेलेल्या वारकऱ्यांना इतरत्र दार बंद होते, म्हणून पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा उभी राहिली. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ रुग्णांच्या नातेवाइकांची सोय झाली.

माणूस उघड्यावर का आहे, हे बाबांनी आधी पाहिले. एकाला जातीमुळे दार बंद होते, तर दुसऱ्याचा रुग्ण आत वॉर्डात होता. कारण ओळखून त्यांनी मदत उभी केली. आम्ही डॉक्टर याला निदान म्हणतो.

कायद्याचे उत्तर

१९५९ मध्ये मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा आला. त्यात भिकाऱ्याची व्याख्या फार सैल होती. उपजीविकेचे दिसणारे साधन नसताना सार्वजनिक जागी भटकणारा माणूसही तिच्यात बसू शकत होता. दोषी ठरल्यास किमान एक वर्ष भिक्षेकरीगृहात ठेवण्याची तरतूद होती. पुढे हाच कायदा दिल्लीलाही लागू झाला आणि २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यातील भीक मागणे गुन्हा ठरवणारी कलमे तिथल्यापुरती रद्द केली. कुणी मदतीला गेल्यावर फुटपाथवरचा माणूस दचकतो, पळतो, त्यामागे अशी ही भीतीही असते.

२०१० च्या जानेवारीत दिल्लीतील थंडीत बेघरांचे हाल झाले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने रात्रनिवाऱ्यांचे आदेश दिले. त्यानंतर राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात शहरी बेघरांसाठी निवाऱ्याची योजना आली. लाख लोकसंख्येमागे किमान शंभर जणांसाठी निवारा, असे तिचे प्रमाण होते. २०११ च्या जनगणनेत हिंगोली शहर लाखाच्या आतच होते. अशा लहान शहरात पहिली मदत बहुतेक वेळा चहावाला, रिक्षावाला किंवा तुमच्या-आमच्यासारखा वाटसरूच करतो.

ब्लँकेट पुरत नाही तेव्हा

मुंबईचे मानसोपचारतज्ज्ञ डॉ. भरत वाटवानी आणि त्यांच्या पत्नी डॉ. स्मिता यांना रस्त्यावर एक तरुण करवंटीने गटारातले पाणी पिताना दिसला. त्यांनी त्याच्यावर उपचार केले. बरा झाल्यावर तो चांगला शिकलेला असल्याचे कळले. १९८८ पासून त्यांची श्रद्धा संस्था रस्त्यावरील मनोरुग्णांना बरे करून घरी पोहोचवते. या कामासाठी डॉ. वाटवानींना २०१८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम १०० नुसार, स्वतःची काळजी घेऊ न शकणारा मनोरुग्ण भटकताना आढळला, तर त्याला संरक्षण देऊन चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्यसंस्थेत नेणे हे पोलिसांचे कर्तव्य आहे.

चुकीची मदतही जुनीच

वैद्यकशास्त्रही इथे चुकलेले आहे. १८१२ मध्ये नेपोलियनचे सैन्य रशियातून परतताना त्याचा शल्यचिकित्सक लॅरे याने पाहिले की गारठलेले अवयव शेकोटीवर धरल्याने सैनिकांचे जास्त नुकसान होते. हे निरीक्षण बरोबर होते. पण त्याने सुचवलेला बर्फाने चोळण्याचा उपाय घातक होता आणि तरीही तो पुढे शंभरहून अधिक वर्षे टिकला. दारूने ऊब येते, हा समजही तसाच आहे. दारूने त्वचेच्या रक्तवाहिन्या फुगतात, अंग गरम वाटते आणि आतली उष्णता बाहेर निघून जाते.

शरीराच्या आतले तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की मेंदू व हृदय मंदावू लागतात. आधी माणूस कुडकुडतो, मग जीभ जड होते, तोल जातो, गुंगी येते. थंडी असूनही कुडकुडणे थांबले, तर तो धोका समजावा. अशा माणसाला दारुडा समजून लोक पुढे निघून जातात.

मग आपण काय करावे?

• आधी विचारा. थोडे दुरून, आदराने : "काका, बरं वाटतंय ना? काही हवंय का?" तो नको म्हणाला आणि शुद्धीत असेल, तर जबरदस्ती करू नका.
• पांघरुणाआधी अंथरूण द्या. गार फरशी अंगातली ऊब ओढून घेते. पुठ्ठा किंवा पोतेही चालते.
• ओले कपडे बदलायला मदत करा. डोके व कान झाका.
• पूर्ण शुद्धीत असेल तरच कोमट गोड चहा किंवा दूध द्या. दारू नको.
• अंग चोळू नका. बंद जागेत शेगडी ठेवू नका, विषारी वायूने जीव जातो.
• गुंगी, बडबड किंवा बेशुद्धी असेल तर १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत थांबा, त्याला सावकाश हलवा.
• मनोरुग्ण वाटला तर ११२ ला कळवा.
• जवळचा निवारा कुठे आहे, याची नगरपरिषदेत आजच चौकशी करून ठेवा. रात्री अकरा वाजता कुणाला विचारणार?

ब्लँकेट जरूर द्या. पण त्याआधी दोन मिनिटे बोला. त्याला नेमके काय हवे आहे, हे बहुतेक वेळा तोच सांगतो.