प्रशांत पीक व वृक्ष केंद्र

फिजीच्या सुवा शहरातील, प्रशांत महासागरी बेटांवरील पिकांचे वाण जपणारी जनुकपेढी. पॅसिफिक कम्युनिटी या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९९८ मध्ये स्थापन केली. या पिकांपैकी अळूची लागवड कंदांपासून होत असल्याने त्याचे वाण धान्यासारखे बियाण्याच्या रूपात साठवता येत नाहीत. म्हणून बोटभर रोपे काचनळीत पोषक जेलीवर वाढवून ठरावीक काळाने नव्या नळीत हलवावी लागतात. हे काम अत्यंत चिकाटीचे आहे. त्याची निकड सामोआने दाखवून दिली: १९९३ मध्ये पानांवरच्या करप्याने तेथील ‘निउए’ या एकाच वाणावर विसंबलेली अळूची शेती कोलमडली. पुढे संशोधकांनी आशियाई अळूशी संकर केले आणि शेतकऱ्यांनी स्वतःच्या शेतात लावून, शिजवून, चाखून वाण निवडले. शेतकऱ्यांचा हा सहभागच निर्णायक ठरला. जगातील अळूचा सर्वांत मोठा संग्रह याच केंद्रात आहे.