वाघोटणच्या खाडीतले चार महिने

आमच्या आंजीकडे मृग लागला की पेरणीची धांदल सुरू होते. कोकणातल्या शिडांच्या जहाजांना मात्र तेव्हापासून सक्तीची विश्रांती. नैर्ऋत्येचा वारा जहाजाला सरळ किनाऱ्यावर रेटतो, आणि बहुतेक खाड्यांच्या मुखाशी वाळूचा दांडा असल्याने वादळात आत शिरणेही जिवावरचे. विजयदुर्ग याला अपवाद. वाघोटण खाडीच्या मुखाशी असा दांडा नाही. भर पावसाळ्यातही मोठे जहाज आत येऊन निर्धास्त नांगर टाकू शकते. आंग्र्यांना हे ठाणे प्रिय होते ते केवळ तटबंदीमुळे, हे मला पटत नाही.

हा मुक्काम रिकामा नसे. लहान होड्या किनाऱ्यावर ओढून झावळ्यांनी शाकारत. मोठ्या गुराबांसाठी जवळच गिर्ये येथे खडक कोरून साडेतीनशे फुटांची गोदी केलेली. भरतीला जहाज आत घ्यायचे, पाणी उतरले की कुजलेल्या फळ्या बदलायच्या, सांधे बुजवायचे. ही ठोकठोक नारळी पौर्णिमेपर्यंत.

पण वाऱ्यापासून वाचवणारी ही जागा शत्रूने मुख अडवले की कोंडवाडा होई. फेब्रुवारी १७५६ मध्ये समुद्रातून वॉटसनचे इंग्रजी आरमार आणि जमिनीवरून पेशव्यांची फौज आली, तेव्हा तुळाजी आंग्र्यांची जहाजे किल्ल्याच्या आडोशाला एकमेकांना बांधून उभी होती. १२ तारखेला एकावर तोफगोळा पडून आग लागली आणि पाहता पाहता सगळे आरमार पेटले. दुसऱ्या दिवशी किल्लाही गेला.

पुढे पेशव्यांचे आनंदराव धुळपही आरमार घेऊन याच खाडीत राहिले.