पाळीव प्राण्यांचे ॲक्रिलिक व्यक्तिचित्रण

पाळीव प्राण्यांचे व्यक्तिचित्रण म्हणजे कुत्रा, मांजर, घोडा अशा एखाद्या विशिष्ट प्राण्याचे ओळख पटेल असे चित्र काढणे होय. केवळ जातीची लक्षणे दाखवणे पुरेसे नसते. त्या एका प्राण्याची ठेवण, खुणा आणि नजर चित्रात उतरावी लागते. अशी अनेक चित्रे प्राण्याच्या मृत्यूनंतर केवळ छायाचित्रावरून काढली जातात, त्यामुळे साम्याला विशेष महत्त्व असते.

इतिहास

इंग्लिश चित्रकार जॉर्ज स्टब्ज यांनी सुमारे १७६२ मध्ये रंगविलेले ‘व्हिसलजॅकेट’ या घोड्याचे भव्य तैलचित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग १९५० च्या दशकात चित्रकारांना उपलब्ध झाले. अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉल यांनी १९७६ मध्ये ॲक्रिलिक रंग व स्क्रीन प्रिंटिंगची शाई वापरून कुत्र्या-मांजरांची चित्रे केली.

संदर्भ छायाचित्र

छायाचित्र प्राण्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून व नैसर्गिक उजेडात घेतात. फार जवळून घेतल्यास नाक प्रमाणाबाहेर मोठे दिसते. फ्लॅश वापरल्यास दृष्टिपटलामागील परावर्तक थरामुळे डोळे चकाकतात आणि त्यांचा खरा रंग कळत नाही.

रंगलेपन

ॲक्रिलिक रंगातील पाणी उडून गेले की रंग वाळतो व पुन्हा पाण्यात विरघळत नाही. वाळल्यावर तो किंचित गडद दिसतो. पातळ थर काही मिनिटांतच वाळत असल्याने कडा मऊ करण्यास अवधी कमी मिळतो. मात्र खालचा थर न बिघडवता त्यावर दुसरा चढवता येतो. केसाळ अंग रंगवताना हाच गुण उपयोगी पडतो. प्रथम गडद, मग मध्यम व शेवटी उजळ छटा देतात. फटकारे केसांच्या वाढीच्या दिशेने, नाकाजवळ आखूड व मानेवर लांब असे मारतात. प्रत्येक केस सुटा रंगवल्यास शरीराची गोलाई हरवते. काळ्या केसांसाठी अल्ट्रामरीन निळा व बर्न्ट अंबर यांचे मिश्रण वापरता येते. पांढऱ्या केसांच्या सावलीत निळसर करडी छटा येते.

डोळे

कुत्र्याची बाहुली गोल असते; मांजराची प्रखर उजेडात उभ्या चिरेसारखी होते. दोन्ही डोळ्यांतील प्रकाशबिंदू एकाच दिशेच्या उजेडाशी जुळावे लागतात, अन्यथा नजर निर्जीव वाटते.

जतन

चित्र पूर्ण वाळल्यावर धुळीपासून संरक्षणासाठी वॉर्निश लावतात. कुंचल्यात वाळलेला रंग पाण्याने निघत नसल्याने कुंचले काम संपताच धुतात.